लग्नापूर्वी व्यवसायाची मालकी कशी सुरक्षित करावी : नागपूरच्या व्यावसायिक कुटुंबांसाठी

लग्नाच्या बैठकीत यादी होते. मंगल कार्यालयाचा खर्च कोणी करायचा, मानपान कसे व्हायचे, वऱ्हाड किती येणार, हे सगळे दोन्हीकडची वडीलधारी माणसे कागदावर उतरवतात आणि खाली सह्या करतात. ज्या व्यवसायावर नवा संसार चालणार असतो, ती इतवारीतील किराण्याची पेढी, हिंगणा एमआयडीसीतील कारखाना किंवा धंतोलीतील रुग्णालय मात्र त्या यादीत कुठेच नसते. त्याविषयी बोलणे अभद्र वाटते, आणि बोललेच तर समोरच्या घराला तो अविश्वास वाटेल अशी धास्ती असते. कौटुंबिक पेढ्यांचे हिशेब आणि करारनामे अनेक वर्षे जवळून पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की हे बोलणे साखरपुड्याआधी, दोन्ही घरांच्या समक्ष व्हावे, आणि त्याची सुरुवात विवाहपूर्व कराराच्या मसुद्यापासून न करता व्यवसायाच्या स्वतःच्या कागदपत्रांपासून करावी. मालकीचे खरे संरक्षण त्या कागदांत असते. विवाहपूर्व करार त्यांना बळ देतो, त्यांची जागा घेऊ शकत नाही.

कायदा काय देतो, काय देत नाही

परदेशातील बातम्या वाचून अनेकांची समजूत होते की घटस्फोट झाला की धंद्याचा निम्मा हिस्सा जोडीदाराकडे जातो, आणि प्रीनप, म्हणजे विवाहपूर्व करार, केला की तो वाचतो. महाराष्ट्रापुरत्या या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. लग्न झाल्यामुळे एकाची मालमत्ता दोघांची होते, असे हिंदू विवाह कायदा, १९५५ म्हणत नाही आणि विशेष विवाह कायदा, १९५४ ही म्हणत नाही. गोव्यात स्थिती वेगळी आहे. तेथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेमुळे पती-पत्नीची मालमत्ता सामान्यतः समाईक होते आणि तसे नको असल्यास लग्नाआधीच करार करावा लागतो. त्यामुळे स्थळ गोव्याचे असेल तर तेथील वकिलाचा सल्ला आधी घ्यावा. नागपुरात मात्र जे ज्याच्या नावावर आहे ते लग्नानंतरही त्याचेच राहते.

जोडीदाराचे हक्क दुसऱ्या वाटांनी येतात. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ आणि २५ खाली पोटगी मागता येते, आणि ती पत्नीप्रमाणे पतीलाही मागता येते, ही गोष्ट स्वतःचा व्यवसाय असलेल्या मुलीच्या घरच्यांनी विशेष लक्षात ठेवावी. घरगुती हिंसाचार प्रतिबंधक कायदा, २००५ पत्नीला राहत्या घरात राहण्याचा हक्क देतो. स्त्रीधन तर सर्वस्वी तिचेच असते. कायमस्वरूपी पोटगी ठरवताना न्यायालय दोघांचे उत्पन्न आणि इतर मालमत्ता विचारात घेते, म्हणजे व्यवसाय वाटला जात नाही, पण पोटगी किती द्यायची याचे माप म्हणून तो न्यायाधीशांसमोर येतोच. सर्वोच्च न्यायालयाच्या ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालापासून पोटगीच्या प्रकरणात दोन्ही पक्षांना मालमत्ता आणि देणी यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते, त्यामुळे वहीतले आकडे झाकून ठेवण्याच्या भरवशावर कोणीही राहू नये.

विवाहपूर्व कराराला हिंदू विवाह कायद्यात स्वतंत्र स्थान नाही. तो भारतीय करार कायदा, १८७२ च्या कसोट्यांवर तपासला जातो, आणि त्यातील कलम २३ सार्वजनिक धोरणाविरुद्धचा करार निरर्थक ठरवते. याची परंपरा जुनी आहे. लग्नानंतर पतीने कायम सासूच्या घरीच राहावे अशा आशयाचा करार कलकत्ता उच्च न्यायालयाने १९०१ मध्ये मानला नव्हता. पत्नीने पोटगीचा हक्क सोडून दिल्याची लेखी कबुली तिला पुढे पोटगी मागण्यापासून अडवू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले. ख्रिस्ती दांपत्यांची स्थिती थोडी निराळी आहे, कारण त्यांच्या घटस्फोटविषयक कायद्यात विवाहपूर्व मालमत्ता-व्यवस्थेची दखल घेण्याचा अधिकार न्यायालयाला दिलेला आहे. आणि मुस्लिम विवाहात तर निकाहनामा आणि मेहर यांमुळे लग्न आणि करार आधीपासूनच एकत्र आहेत. हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनी मात्र करार करताना एवढे गृहीत धरावे की त्यातील मालमत्तेविषयीचा, प्रामाणिक आणि न्याय्य भाग पुरावा म्हणून उपयोगी पडेल, आणि जोडीदाराला उघड्यावर टाकणारा भाग टिकणार नाही.

आधी व्यवसायाचे स्वरूप पाहावे

एकट्याच्या मालकीचा, म्हणजे प्रोप्रायटरी, धंदा कायद्याच्या दृष्टीने मालकापासून वेगळा नसतो. दुकानाचे चालू खाते आणि घरखर्चाचे खाते एकच असेल, माल विकून आलेल्या पैशांतून फ्लॅटचा हप्ता आणि मुलांची फी जात असेल, तर काय धंद्याचे आणि काय घरचे हे दहा वर्षांनी कोणालाच सांगता येत नाही. लग्नाआधी किमान एक आर्थिक वर्ष धंद्याचे खाते वेगळे करावे, घरासाठी दरमहा ठरावीक उचल घ्यावी आणि ती उचल म्हणूनच लिहावी.

भागीदारी असेल तर भागीदारी करारनामा पुन्हा काढून वाचावा. मी पाहिलेल्या कित्येक पेढ्यांचे करारनामे आजोबांच्या काळातले, दोन पानांचे आणि नफ्याच्या टक्केवारीपलीकडे काहीही न सांगणारे आहेत. भागीदारी कायदा, १९३२ मालकांच्या बाजूने बरेच काही करतो : सर्व भागीदारांच्या संमतीशिवाय नवा भागीदार येऊ शकत नाही, आणि एखाद्याचा हिस्सा दुसऱ्याकडे गेला तरी पेढी चालू असेतोवर त्याला कारभारात हात घालता येत नाही, वह्या तपासता येत नाहीत, फक्त नफ्यातला वाटा मिळतो. पण तोच कायदा असेही सांगतो की वेगळे ठरलेले नसेल तर भागीदाराच्या मृत्यूने पेढी विसर्जित होते. म्हणून करारनाम्यात वारसांना कसे आणि किती हप्त्यांत पैसे द्यायचे, हिश्शाची किंमत कोण ठरवणार, आणि उरलेले भागीदार धंदा कसा चालू ठेवणार, हे लिहिलेले हवे. पेढीत दोघेच भागीदार असतील तर एकाच्या जाण्याने भागीदारी उरतच नाही, त्यामुळे अशा पेढीने एलएलपी, म्हणजे मर्यादित दायित्वाची भागीदारी, किंवा प्रायव्हेट लिमिटेड कंपनी करण्याचा विचार लग्नाच्या निमित्ताने तरी करावा.

कंपनी असेल तर नियंत्रणाची किल्ली तिच्या आर्टिकल्समध्ये, म्हणजे अंतर्गत नियमावलीत, असते. प्रायव्हेट कंपनीत शेअर हस्तांतरणावर मर्यादा असतेच, परंतु ठोकळेबाज आर्टिकल्समध्ये ती अगदी मोघम असते. शेअर विकायचा, बक्षीस द्यायचा किंवा वारसाने आला तरी आधी इतर भागधारकांना तो घेण्याची संधी मिळेल, किंमत नोंदणीकृत मूल्यांकनकार ठरवील आणि ती अमुक मुदतीत चुकती होईल, अशी कलमे घालून घ्यावीत. भावाभावांनी आपसांत स्वतंत्र कागदावर केलेला करार कंपनीला बांधत नाही, तो आर्टिकल्समध्ये आला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने तीन दशकांहून अधिक काळापूर्वी सांगितले आहे. विवाहपूर्व करारालाही हेच लागू पडते. "शेअर कुटुंबाबाहेर जाणार नाहीत" असे वधू-वरांनी कितीही मनापासून लिहून दिले तरी कंपनीचे आर्टिकल्स गप्प असतील तर त्या वाक्याला कंपनीच्या रजिस्टरमध्ये किंमत नाही.

जमिनीकडे वेगळे लक्ष द्यावे. हिंगणा किंवा बुटीबोरीचा एमआयडीसी भूखंड भाडेपट्ट्यावर असतो, तो सहसा ९५ वर्षांचा असतो आणि हस्तांतरणासाठी महामंडळाची परवानगी लागते. भूखंड वडिलांच्या नावावर, यंत्रे कंपनीची, शेड मुलाने कर्ज काढून बांधलेली, असा गुंता असेल तर तो सोडवायला काही महिने जातात. कळमन्याच्या बाजारातील परवाना आणि गाळा कोणाच्या नावावर आहे, हेही याच वेळी पाहून घ्यावे.

एकत्र हिंदू कुटुंबाची, म्हणजे एचयूएफची, मालमत्ता धंद्यात असेल तर जास्त सावध राहावे. लग्न होताच पत्नी त्या कुटुंबाची सदस्य होते. तिला स्वतः वाटणी मागता येत नाही, पण पती आणि मुलगे यांच्यात वाटणी झाली तर तिलाही मुलाइतका हिस्सा मिळतो. २००५ च्या दुरुस्तीनंतर मुली जन्मतः सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाप्रमाणेच हिस्सेदार, आहेत; त्यामुळे लग्न होऊन गेलेल्या बहिणीचाही हिस्सा त्यात असू शकतो. पेढी वडिलोपार्जित की स्वकष्टार्जित, या प्रश्नाचे उत्तर ठरल्याशिवाय विवाहपूर्व करारात "माझी मालमत्ता" हे शब्द लिहूच नयेत.

खुलासा : कराराचा कणा

व्यवसायाचे कागद नीट झाले की मग दोघांनी एकमेकांसमोर आपली आर्थिक स्थिती मांडावी. तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे, ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, जीएसटीची थकबाकी, चालू दावे, आणि लग्नाच्या जवळच्या तारखेचे व्यवसायाचे मूल्यांकन कराराला परिशिष्ट म्हणून जोडावे. मूल्यांकनात गुडविल, म्हणजे धंद्याच्या नावलौकिकाची किंमत, आणि उधारी वसूल होण्याची शक्यता यांचा विचार हवा. नुसत्या ताळेबंदावरील आकड्यावर थांबू नये, कारण जुन्या खरेदीभावाने लिहिलेली गांधीबागेतील जागा तिथे अत्यंत कमी दिसते.

सर्वांत जास्त लपवली जाते ती देणी. नागपुरातील बहुतेक मध्यम व्यवसाय बँकेच्या कॅश क्रेडिटवर, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपर्यंत लागेल तसे उचलायच्या कर्जावर, चालतात, त्याला राहते घर तारण असते, आणि लग्नानंतर मर्यादा वाढवताना बँक घरच्यांना जामीनदार म्हणून सही करायला सांगते. नवी सून विश्वासाने सही करते. करार कायद्यानुसार जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते, हे तिला कोणी सांगितलेले नसते. म्हणून विवाहपूर्व करारात हे स्पष्ट लिहावे की व्यवसायाच्या कर्जासाठी जोडीदाराला जामीनदार केले जाणार नाही, आणि केलेच तर तिला किंवा त्याला होणारे नुकसान व्यवसायमालक भरून देईल. असा करार बँकेला बांधत नाही, परंतु पती-पत्नींमध्ये तो भक्कम आधार ठरतो. मालकाला आपली मालकी वाचवायची असेल तर जोडीदाराला धंद्याच्या जोखमीपासून वाचवण्याची तयारीही त्याने दाखवलीच पाहिजे, आणि माझ्या मते ज्या करारात हे कलम नाही तो अर्धवट आहे.

मजकुरात काय असावे

व्यवसायाचे वर्णन नेमके असावे : नाव, नोंदणी क्रमांक, हिश्शाची टक्केवारी, लग्नाच्या तारखेचे मूल्य. त्यानंतर या हिश्शातून पुढे येणारे बोनस शेअर, नफ्यातून वाढलेले भांडवल आणि व्यवसायाच्या पैशांतून घेतलेली मालमत्ता कोणाची राहील, हे लिहावे. संसारासाठी दोघांनी मिळून घेतलेले घर, गाडी आणि ठेवी यांच्याविषयी वेगळा परिच्छेद असावा, आणि त्यात प्रत्येकाने भरलेल्या रकमेच्या प्रमाणात हक्क मान्य करावा.

जोडीदार व्यवसायात काम करणार असेल तर त्याचा मोबदला ठरवावा. दुकानाचे बिलिंग, जीएसटीचे पेपर, कामगारांचे पगार वर्षानुवर्षे सांभाळणाऱ्या पत्नीला कुठेही पगार दाखवलेला नसतो, आणि पुढे भांडण झाले की हीच मेहनत दाव्याचा विषय होते. तो दावा करणे योग्यही असते. दरमहा पगार बँकेतून द्यावा. मात्र पती किंवा पत्नीचा त्या व्यवसायात मोठा हिस्सा असेल आणि काम करणाऱ्याकडे त्यासाठीची तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रता नसेल, तर हा पगार आयकरात मालक जोडीदाराच्या उत्पन्नात मिळवला जातो. शेअर नुसते पत्नीच्या नावे करून दिले तर त्यांवरील उत्पन्नही असेच मिळवले जाते. सनदी लेखापालाशी बोलून हा भाग ठरवावा.

स्त्रीधन धंद्यात वापरले जाते, ही आपल्याकडची जुनी आणि दुखरी गोष्ट आहे. हंगामात माल भरायला पैसे कमी पडले की सुनेचे दागिने गहाण जातात. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच सांगितले आहे की स्त्रीधन पतीकडे किंवा सासरी ठेवले तरी मालकी तिचीच राहते. करारात स्त्रीधनाची यादी जोडावी आणि ते धंद्यात वापरावे लागले तर व्यवसायाच्या वहीत तिच्या नावे कर्ज म्हणून, रक्कम, व्याज आणि परतीच्या मुदतीसह नोंदवले जाईल असे लिहावे. हुंडा प्रतिबंधक कायद्याखालील १९८५ च्या नियमांनुसार वधू आणि वर यांना लग्नात मिळालेल्या भेटवस्तूंची स्वतंत्र यादी, वस्तूचे वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव आणि नाते यांसह ठेवायचीच असते. तिची प्रत परिशिष्ट म्हणून चालते. येथे एक इशारा द्यावासा वाटतो. लग्नाच्या बदल्यात वधूपक्षाने व्यवसायात भांडवल घालावे असा एकही शब्द करारात आला तर तो हुंडा ठरतो आणि तो गुन्हा आहे.

संबंध तुटलेच तर जोडीदाराला काय मिळेल, हे उदारपणे लिहावे. पोटगी सोडून दिल्याचे कलम टिकत नाही, मात्र व्यवसायाच्या हिश्शाऐवजी ठरावीक रक्कम, घर किंवा ठेव देण्याची व्यवस्था न्याय्य असेल तर न्यायालयाला ती विचारात घेण्याजोगी वाटते. विवाहित स्त्रियांचा मालमत्ता कायदा, १८७४ याच्या कलम ६ खाली पतीने स्वतःच्या आयुष्यावर पत्नी-मुलांच्या नावे काढलेली विमा पॉलिसी विश्वस्त निधी मानली जाते आणि सामान्यतः तिच्यावर धनकोंचा हात पोहोचत नाही. पॉलिसी घेतानाच तसा अर्ज भरावा लागतो, नंतर बदलता येत नाही. पत्नीला धंद्यापासून वेगळी सुरक्षितता देण्याचा हा मार्ग फार कमी लोक वापरतात.

मुलांचा ताबा, कोर्टात न जाण्याची शपथ, घटस्फोट मागितल्यास दंड, कोणी कोणत्या घरी राहावे याच्या अटी, यांपैकी काहीही घालू नये. मुलाचे हित न्यायालयच पाहते, आणि कोर्टाचा रस्ता बंद करणारे कलम करार कायद्याच्या कलम २८ पुढे टिकत नाही. एखादे कलम अवैध ठरले तरी बाकीचा करार कायम राहील, हे वाक्य मात्र जरूर असावे.

मृत्यूची तयारी

घटस्फोटाच्या भीतीने करार करणारे लोक मृत्युपत्र करत नाहीत, हे मला नेहमी खटकते, कारण मालकी विस्कटण्याचे अधिक निश्चित कारण मृत्यूच आहे. हिंदू वारसा कायदा, १९५६ नुसार मृत्युपत्र न करता पुरुष गेला आणि मागे पत्नी, आई, एक मुलगा, एक मुलगी असतील, तर चौघांना समान वाटा मिळतो. घटस्फोटाचा दावा कौटुंबिक न्यायालयात प्रलंबित असताना मृत्यू झाला तर पत्नी वारसच असते. वारसाहक्क आधीच सोडून दिल्याचे कलम करारात घालून भागत नाही, कारण भविष्यात वारस होण्याची नुसती शक्यता मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ हस्तांतरणीय मानत नाही.

व्यवसाय असलेल्या स्त्रीने तर मृत्युपत्र केलेच पाहिजे. तिला मूल नसेल आणि पतीही हयात नसेल, तर तिने स्वतः कमावलेला व्यवसाय तिच्या आई-वडिलांच्या आधी पतीच्या वारसांकडे जातो. सीताबर्डीत स्वतःच्या जोरावर दुकान उभे करणाऱ्या किती मुलींना हे लग्नाआधी सांगितले जाते, याचा दोन्ही घरांनी विचार करावा.

नॉमिनी नेमला म्हणजे काम झाले, असेही समजू नये. शेअरचा नॉमिनी मालक होत नाही, वारसा कायदाच चालतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ ला सांगितले. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, दोन साक्षीदार मात्र लागतात. लग्नाआधी केलेले मृत्युपत्र हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख व्यक्तीच्या बाबतीत लग्नामुळे रद्द होत नाही. ख्रिस्ती आणि पारशी व्यक्तीच्या बाबतीत ते होते, त्यांनी लग्नानंतर नवे करावे.

सही कधी आणि कशी

तुळशीचे लग्न झाले की लग्नसराई सुरू होते, म्हणून दिवाळीनंतरच्या लग्नाचा करार उन्हाळ्यातच हातात घ्यावा. पत्रिका छापल्यावर, हळदीच्या आदल्या दिवशी समोर ठेवलेला कागद दबावाखाली सही केल्याचा पुरावा बनतो. प्रत्येकाचा वकील वेगळा असावा आणि दुसऱ्या बाजूच्या वकिलाची फी देण्याची वेळ आली तरी द्यावी. मसुदा दोघांना सहज कळणाऱ्या भाषेत हवा; इंग्रजीत केल्यास मराठी प्रत जोडून ती वाचून समजल्याचे दोघांनी स्वतःच्या हस्ताक्षरात लिहावे. आई-वडिलांनी साक्षीदार व्हावे, पक्षकार होऊ नये, मात्र पेढीत त्यांचा हिस्सा असेल तर त्यांची संमती स्वतंत्र कागदावर घ्यावी.

महाराष्ट्रात साध्या कराराला ऑक्टोबर २०२४ पासून १०० ऐवजी ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो. करारातूनच एखादी स्थावर मालमत्ता दिली जात असेल तर मुद्रांक आणि नोंदणी वेगळी पडते, त्यामुळे ते हस्तांतरण स्वतंत्र दस्ताने करणे सोयीचे. नोटरी करून घ्यावी, आणि शक्य असेल तर दुय्यम निबंधकाकडे ऐच्छिक नोंदणीही करावी, म्हणजे तारखेविषयी वाद उरत नाही.

मूळ प्रती दोन असाव्यात आणि दोघांकडे एकेक राहावी. मूल झाले, नवा भागीदार आला, बँकेची मर्यादा वाढली किंवा धंद्याचे स्वरूप बदलले, की करार, मृत्युपत्र आणि पेढीचा करारनामा ही तिन्ही कागदपत्रे एकाच बैठकीत काढून एकमेकांशी जुळतात का हे पाहावे, आणि जुळत नसतील तर दोघांच्या सहीने पुरवणी जोडावी.